शर्टातल्या चांदण्या

चि. ताईस आशीर्वाद.

लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. आमच्या जुन्या कारखान्याचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे उतरवताहेत. पांढऱ्या पोशाखातली माणसं पाणी मारून, झोपलेलं मूल उचलावं तसा एकेक पत्रा अलगद काढतात. जाताना अंगावरचे कपडेही पिशवीत बंद करून तिथेच ठेवतात. मी विचारलं, "घरी का नेत नाही?"

"आजोबा, ही धूळ छातीत बसते. घरी पोरं आहेत."

मी तिथे वीस वर्षं असलेच पत्रे कापले. संध्याकाळी तू माझा शर्ट खिडकीत झटकायचीस. उन्हात धूळ तरंगायची. "बाबा, चांदण्या," म्हणायचीस. मीही बघत बसायचो.

तुझा खोकला थांबला का? छातीचा फोटो काढून घे. चारदा हे पत्र लिहिलं, पेटीत टाकायला हात धजत नाही. तरी लवकर कळव.

तुझा बाबा