घडी न घातलेलं शेवाळ

मी ग्वाक मालसुन, वय अठ्ठावन्न, धंदा समुद्री शेवाळ वाळवून विकणे, राहणार गिजांग, बुसान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते स्वादुपिंड, आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे पुढच्या हंगामाचं शेवाळ मला दिसणार नाही. माझ्यावर कोणाचा धाक नाही. धाक घालणारी एकच बाई होती, माझी आई, ती गेली. शाळा सहावीत सुटली, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये.

घर. राहतं घर माझा थोरला भाऊ ग्वाक ह्योनसिक याला द्यावं. वाचणाऱ्याला नवल वाटेल, वाटू दे. अट एकच. मागच्या खोलीत भिंतीवर तपकिरी डाग आहे, तो पुसायचा नाही, रंगवायचा नाही. वकील म्हणाला, अशी अट टिकत नाही. न टिको. दादाने वाचली तरी पुरे.

डाग कसला ते सांगते. एकोणिसाव्या वर्षी मी बुसानला बुटांच्या कारखान्यात होते आणि माझ्या पगारावर दादाचं सोलचं कॉलेज चाललं होतं. लग्न न होताच पोटुशी राहिले आणि घरी आले. मुलगी झाली. मला ताप भरला. दादाला तेव्हा मोठ्या घरची मुलगी सांगून आली होती. मी तापात पडलेली असताना त्याने आणि आईने पोर उचलली आणि परदेशात दत्तक पाठवणाऱ्या संस्थेत नेऊन ठेवली. जाग आली तर कुशीत पोर नाही, उशाशी शेवाळाच्या कढणाचा वाडगा. आमच्यात बाळंतिणीला ते देतात, अंगात रक्त भरावं, दूध यावं म्हणून. दूध कोणासाठी? तो वाडगा मी भिंतीवर फेकला. तेव्हापासून शेवाळावर पोट भरलं, पण तोंडाला लावलं नाही. वाढदिवसाला अख्खा देश कढण पितो, मी पीत नाही.

संस्थेच्या कागदावर पोर अनाथ लिहिली गेली. म्हणजे कायद्याने मी कोणाची आई नाही आणि माझा वारस दादा. म्हणून हा खटाटोप.

दादाचं पुस्तक. दादा पुढे लेखक झाला. त्याच्या कादंबरीत मालसुन नावाची बहीण आहे. ती दारात उभी राहून आपल्या हाताने पोर देते, आत येते आणि शांतपणे कढण पिते, शेवटच्या थेंबापर्यंत. ते पुस्तक इंग्रजीत गेलं, बक्षीस मिळालं. तिकडच्या एका प्राध्यापकाने तर मालसुनच्या मौनावर वेगळा ग्रंथ लिहिला. मौन? मी इतकी ओरडत होते की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

दादाला विचारलं, "मी कधी रे दिली पोर?"

"अगं, कादंबरी आहे ती. कादंबरीत चालतं."

"मग नाव तरी बदलायचं होतंस!"

"तुझ्या नावात गोडवा आहे गं."

या नावाचा अर्थ, ही शेवटची पोरगी असू दे. गोडवा म्हणे! मी मेल्यावर त्याला नवा विषय मिळेल, हे मी ओळखून आहे. माझ्या नावाने त्याने यापुढे एक ओळ लिहू नये आणि प्रेतापुढे भाषण करू नये.

मुलगी. तिचं नाव बेथनी, राहते अमेरिकेत. गेल्या वर्षी रक्ताचं नातं शोधणाऱ्या थुंकीच्या तपासणीवरून सापडली. तिला फक्त इंग्रजी येतं. आपला मुलूख कसा, म्हणून तिने इथली जी जी पुस्तकं इंग्रजीत मिळाली ती वाचून काढली, त्यात मामाचंही. मामाने तिकडे मुलाखतीत सांगितलंच होतं की गोष्ट घरातली आहे. या वसंतात आम्ही फोनच्या पडद्यावर एकमेकींना पाहिलं. मध्ये दुभाषी म्हणून मिन यंगरान बसली होती. दादाचं पुस्तक इंग्रजीत नेणारी हीच. मुलीचं कपाळ माझं आहे. ती रडली नाही. एकच वाक्य बोलली. मिन चष्मा पुसायला लागली.

"सांग की गं, काय म्हणाली?"

"मावशी... ती विचारतेय, कढण चांगलं होतं का?"

मी तोंड उघडेपर्यंत पडदा काळा झाला. त्यानंतर ती निरोपाला उत्तर देत नाही.

मिनला मी धरलं. "तुझ्या हाताने माझं वाटोळं झालं, कळतंय का?"

"मावशी, मुळात होतं तेच मी नेलं. लेखकाच्या पुढे मला जाता येत नाही."

"मग आता लेखिका मी. माझ्याही पुढे जाऊ नकोस."

तेव्हा सहकारी सोसायटीतली माझी सगळी ठेव मिन यंगरानला द्यावी आणि तिने हे मृत्युपत्र शिव्यांसकट इंग्रजीत करून बेथनीला द्यावं. सुंदर करू नये. तळटिपा घालून मला शहाणी करू नये.

वाळवणीच्या जाळ्या, कोयते आणि टेम्पो माझ्याबरोबर राबणाऱ्या ओकबुनला. शेवाळ ती माझ्यापेक्षा चांगलं वाळवते. मी जिवंत आहे तोवर हे तिला कळू देऊ नये.

राहिलं शेवाळ. बाळंतिणीचं शेवाळ अखंड ठेवतात. मोडत नाहीत, घडी घालत नाहीत, त्याचा भाव करत नाहीत. मोडलं तर बाई अडते. बेथनीला दिवस गेलेत असं मिनकडून कळलं, तेव्हा हंगामातलं सगळ्यात लांब शेवाळ मी निवडलं, तेवढी पेटी करून घेतली आणि पोस्टात नेली.

कारकून म्हणाला, "आजी, एवढी लांब पेटी जात नाही. मधोमध घडी घाला."

"आजी कोणाला म्हणतोस रे? आणि घडी घालायचीच तर तुझ्या बायकोच्या शेवाळाला घाल!"

पेटी परत आणली. शरदात तिला मुलगी झाली. शेवाळ माझ्या आढ्याला टांगलेलंच आहे. माझ्या पोरीच्याही पोटात बाळंतपणात कढण गेलं नाही, माझ्यासारखंच.

मिनने ते घडी न घालता हातात धरून न्यावं. विमानवाल्यांशी भांडावं लागेल, भांडावं. बेथनीने दार उघडलं नाही तर परत आणून आमच्या बंदरात सोडावं. ती दार उघडेल असं मला वाटत नाही. हे वाचेल असंही वाटत नाही. मी एकदा इंग्रजीत गेले ती गेले, तिथून परत येता येत नाही.

पण वाचलंच, तर तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं आहे.

मला माहीत नाही, पोरी. मी ते चाखलंच नाही.

गिजांग, बुसान. २१ नोव्हेंबर २०२४.
ग्वाक मालसुन (सही व शिक्का)

हाताने लिहिलेल्याला साक्षीदार लागत नाहीत असं वकील म्हणाला. मला लागतात, माझ्या शब्दाला आजवर कोणी विचारलेलं नाही.

साक्षीदार: पियो सांगचोल, बंदराचा मुकादम. मी सही करताना समोर होता.

साक्षीदार: छू बोंग्ने, शेजारीण, वय एक्क्याऐंशी. त्या दिवशी मालसुनचं ओरडणं ऐकलं आणि खिडकी लावून घेतली, हे कबूल करून अंगठा देते.