अर्धी उरलेली पिशवी

ता. ३

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण आमचा भुऱ्या. महिनाभर सारखा खाजवतो, खाल्लेलं ओकून टाकतो. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, तयार खाण्यातलं काहीतरी त्याला मानवत नाही, ते बंद करा. आता कुत्र्याचंही पथ्य सांभाळायचं!

पिशवी अर्धी उरली आहे. अन्न टाकून देववत नाही गं, वर देव बघतो. म्हणून डब्यात भरून यांच्याबरोबर तुझ्या काळीसाठी पाठवते. रिकामी पिशवी कापून फळीवर बरण्यांखाली अंथरली. हसू नकोस.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी ताई

ता. १२

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

डबा पोचला त्याच दिवशी काळीने ताटली चाटूनपुसून लख्ख केली. भाऊजी आज परत आले होते. म्हणाले, आमच्या घरात आधी देव, मग भुऱ्या, आणि उरलंसुरलं मला. वरवर हसतात, पण भुऱ्यासाठी तेही घाबरलेत. त्यांच्या हाती माझ्या कोंबड्यांची डझनभर अंडी देते आहे. उकडून, कुस्करून भुऱ्याला घाल, अंगात ताकद येईल.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.

धाकटी

ता. १९

चि. धाकटीस अ. आ.

काल भुऱ्याचे डोळे पिवळे दिसले, हिरड्याही. रक्त तपासलं. लिव्हर सुजलंय. डॉक्टरांनी विचारलं, पिशवीवरचा नंबर काय होता? म्हणाले, त्या मालातल्या मक्याला बुरशीचं विष होतं, दोन घरची कुत्री दगावली, कंपनीने माल परत मागवलाय. त्याचा नंबरही लिहून दिला. मी धावत घरी आले, फळीवरच्या सगळ्या बरण्या खाली उतरवल्या. मिठाच्या बरणीखाली नंबर सापडला. तोच.

तुझा फोन लागत नाही, म्हणून बसच्या कंडक्टरच्या हाती हे पत्र देते. काळी कशी आहे? डब्यात राहिलेले दाणे खोल पुरून टाक. मी माझ्या हाताने विष पाठवलं गं. जपाला बसले तरी माळ पुढे सरकत नाही.

भुऱ्या कशालाच तोंड लावत नाही. तुझी अंडी तेवढी माझ्या बोटावरून चाटतो. त्यावरच जीव धरून आहे.

काळीचं काय ते लगेच कळव, एवढी एक माया कर.

ताई

ता. २०

ती. ताईस शि. सा. न.

उभ्या उभ्याच लिहितेय, कंडक्टर दारात थांबलाय. काळी ठणठणीत आहे. तिने ते दाणे पहिल्याच दिवशी हुंगले आणि तोंड फिरवलं. तुला वाईट वाटेल म्हणून मी ताटली चाटल्याचं लिहिलं. खोटं लिहिलं.

मलाही टाकवेना. तुझीच बहीण ना मी! सगळे दाणे भिजवून कोंबड्यांना घातले. रोज मूठमूठ, डबा संपेपर्यंत. परवा दोन कोंबड्या माना टाकून पडल्या. मला वाटलं उन्हाने. आज तिसरी उठलेली नाही.

ताई, ती अंडी. जप मागाहून कर, आधी उठ आणि असतील तेवढी फेक. भुऱ्याने किती खाल्ली ते डॉक्टरांना मोजून सांग. आणि विचार, माणसांनी काय करायचं. आम्ही घरातल्या सगळ्यांनी खाल्ली आहेत, पोरीनेसुद्धा.

हवं तेवढं रागाव, पण मला तोडू नकोस. आणि या वेळी उरलेलं काही ठेवू नकोस, कुणाला देऊ नकोस.

धाकटी