लॅब्रॅडोर, गोल्डन आणि आबांचा निकाल

जानेफळ,
रविवार

ती. धम्मशीलाताईस प्रसेनजितचा सविनय जयभीम. तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि नाशिकची थंडी ही तिन्ही आटोक्यात असावीत. इकडे आम्ही ठीक. आबा मात्र आई गेल्यापासून अंगणाबाहेर पाऊल टाकत नाहीत आणि ताटात निम्मी भाकर तशीच ठेवतात, हे तू जाणतेसच. (त्यावर 'कुत्र्याचं पिल्लू आणा' हा तोडगाही तुझाच. कोणतं, ते मात्र सोमवारी तू एक सांगितलंस आणि गुरुवारी दुसरं.)

त्यामुळे घरात शास्त्रार्थ माजला. मी गोल्डन रिट्रीव्हरच्या बाजूचा. (संस्कृत शिकवून केस पिकवलेला माणूस सुवर्ण सोडून जाणार कुठे?) वंदनेचा पक्ष लॅब्रॅडोरचा, कारण त्याचे केस आखूड, आणि घर झाडते ती. फेकलेली वस्तू परत आणण्यात दोन्ही जाती सारख्याच पटाईत म्हणे. वंदना माझ्या जुन्या चपला वरचेवर फेकते, तेव्हा त्या मुद्द्यावर माझी कोणाबद्दलच तक्रार नव्हती. शेवटी बुलढाण्याच्या इंद्रभानला (हा पिल्लं विकतो) निरोप धाडला, दोन्ही घेऊन ये, पाहून एक ठेवू.

तो आला आणि आबा बाजेवरून उठले. ताई, बैल पारखावा तशी त्यांनी पिल्लं पारखली. ओठ वर करून दात पाहिले, पाठीवर थाप मारली, अंगणात चालवून पाहिलं. गोल्डनच्या केसांत बोटं घालून म्हणाले, "उन्हाळ्यात कसं होईन बे तुह्यं?" लॅब्रॅडोर तोवर त्यांच्या धोतराचा सोगा चघळत होता. मग आबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली इंद्रभानचा हात धरून बोटं दाबली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, पण हा पडला शहरातला. म्हातारबुवा नाडी पाहतायत असं समजून त्याने जीभही दाखवली.

मी विचारलं, "आबा, कोणतं ठेवायचं मग?"

"काऊन? दोन्ही. जनावर जोडीनंच घ्या लागते. एकटं राह्यलं तं खात नाही ते."

वंदना पदर सावरत आत निघून गेली. मी इंद्रभानला दोन्हींचे पैसे मोजून दिले. दोन्ही ठेवली. सध्या गोल्डन धुतलेल्या कपड्यांवर झोपतो आणि लॅब्रॅडोर ते कपडे खातो.

भाऊजींना जयभीम.

तुझा,
प्रसेनजित

ता. क. आता पत्राचं खरं कारण. गोल्डनला इकडचं ऊन सोसायचं नाही. तू त्याला नाशिकला ठेवून घेशील का? (वंदना म्हणते, 'लवकर' हा शब्द घाला. घातला.)

ता. क. दुसरा. वरचा मजकूर आबांना वाचून दाखवला, ही चूक झाली. त्यांचं म्हणणं असं की एक गेलं तर दुसरंही जाईल, दोघं गेली तर त्यांच्याकडे पाहायला आपण स्वतः नाशिकला जाणार. एसटीत कुत्री घेत नसावेत, असं मी म्हणून पाहिलं. त्यांना ते पटलं नाही. कंडक्टरलाच विचारतो म्हणून, दोन्ही पिल्लं दोरीला बांधून, आबा आत्ताच स्टँडकडे निघाले आहेत. मी मागून हाक मारणार होतो, पण वंदनेने माझ्या तोंडावर हात ठेवला.