मधलं नाव

तीर्थरूप बाबा,

इथल्या तांजोंग पगार भागातल्या ऑफिसातून किमयाचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुमची अँजिओप्लास्टी माझ्या लग्नानंतर करायची, हे कुणी ठरवलं? आईला विचारलं की ती विषय बदलते.

आमचे इंग्रज साहेब, पेंब्रिज, आडनावावर भारी खूश असतात. घराण्यात खासदार, न्यायाधीश, आर्किटेक्ट, सगळे! काल मला म्हणाले, "सासवडकरांमध्ये कोण कोण?" मी म्हटलं, "आडनाव गावाचं. आमचा माणूस मधल्या नावात असतो."

लग्नानंतर तिथे धवलचं नाव येणार, असं तुम्ही धरूनच चालला आहात. त्याला विचारलं, तर म्हणाला, "बाबांना उठवून मी कशाला बसू?"

तेव्हा जागा तुमचीच. पण मला नुसतं नाव नकोय, बाबा. आधी ऑपरेशन, मग लग्न.

तुमची,
किमया प्रबोध सासवडकर