सोमवारी सकाळी मी घरात नसलो तर

लिहून ठेवणार: विश्वजीत आप्पासाहेब ठोंबरे, वय सव्वीस, धंदा सध्या काही नाही, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर.

मी वर नाव लिहिलेला इसम आज पूर्ण शुद्धीवर आहे. काही प्यालेलो नाही, मला कोणी धरून बसवलेलं नाही, आणि खालचा मजकूर मी माझ्या हातानं, माझ्या मर्जीनं लिहितो आहे. शिक्षण बी.कॉम. दुसरं वर्ष, तेही पुरं नाही. तेव्हा कायद्याची भाषा चुकली तर अर्थ धरावा आणि शब्द सोडून द्यावा. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच.

कारण लिहिणं भाग आहे. माझे वडील आप्पासाहेब यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत आणि त्यांचं रक्त मशीनवर धुवावं लागतं. माझी थोरली बहीण अपेक्षा, जिला मी ताई म्हणतो, तिचा रक्तगट जुळला नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझा जुळला. सोमवारी सकाळी आम्ही बापलेक दवाखान्यात भरती होणार, बुधवारी माझी एक किडनी काढून त्यांना बसवणार. देणाऱ्याला धोका अगदी कमी असतो असं डॉक्टर म्हणाले. कमी म्हणजे किती तेही म्हणाले, पण तेव्हा मी खिडकीतून बाहेरच्या रिक्षांकडे बघत होतो.

किडनी या कागदात येत नाही. ती मिळकत नव्हे, आणि ती मी जिवंतपणी देतो आहे. बाकीचं खालीलप्रमाणे.

कलम १. घर आप्पांचं आहे, त्यावर माझा शब्द चालत नाही. माझ्या मालकीचं जे आहे ते सगळं गच्चीवर नाहीतर स्वयंपाकघरात आहे आणि त्यातलं बरंचसं जिवंत आहे. हीच पंचाईत. सायकल एकदा देऊन टाकली की संपलं. झाड दिलं तर त्याच्याबरोबर रोजचा एक माणूसही द्यावा लागतो.

कलम २. गच्चीवरची सगळी झाडं, म्हणजे टोमॅटो, चुका, पालक, वांगी, कढीपत्ता आणि ज्याला अजून काहीच आलेलं नाही तो लिंबू, ही फुटक्या बादल्या, रंगाचे डबे आणि जुन्या कूलरचा टब यांच्यासकट ताईला. अट अशी की त्यांना नळाचं पाणी घालू नये. आपल्याकडे नळ येतो त्या दिवशी सणासारखी धावपळ होते, ते पाणी माणसांसाठी. झाडांना डाळ-तांदूळ धुतलेलं आणि भाजी धुतलेलं, जे मोरीजवळच्या निळ्या टबात जमा होतं ते. ताई, त्या टबात तुझी पोरं हात धुतात. साबण लावून धुतात. त्यांना सांग.

कलम ३. भाज्या उकळून काढलेलं पाणी. हे वेगळं कलम करावं लागतं, कारण याच्यावर घरात भांडणं झाली आहेत.

आप्पांना पथ्य आहे की भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकायचं, म्हणजे भाजीतलं पोटॅशियम निघून जातं. ताई ते मोरीत ओतायची. मी म्हणालो, गार करून झाडांना घाल. आप्पांना जे विष तेच टोमॅटोला खत. ती म्हणाली, "विशू, तुला माणूस दिसतो का रे कधी, का नुसतं पाणीच दिसतं?" मी भांडं उचलून गच्चीवर गेलो. ती म्हणते ते खरंही असेल. पण पाणी झाडांनाच घालावं.

आणि टोमॅटोचा विषय निघालाच आहे तर तेही इथं लिहून ठेवतो.

आमचे आप्पा वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. आयुष्यभर दुसऱ्याचा कांदा तोलला. काटा थांबल्याशिवाय आकडा बोलायचा नाही ही त्यांची सवय, आणि माझ्या भाजीपाल्याबद्दल त्यांचा आकडा ठरलेला होता. ताटात पालक आला की म्हणायचे, "ह्यो चारा कुणासाठी आणला?" मी पिशव्या कापडी केल्या, घरातलं प्लास्टिक काढलं, भांडी राखेनं घासायला लागलो, तेव्हा म्हणाले, "आता चूल आण अन् धोतर नेस."

गेल्या साली मी नर्मदा परिक्रमेला गेलो. त्यांचं मशीन तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं आणि मी जायला नको होतं, हे मला बाकी सगळ्यांनी सांगून झालं आहे. मी नसताना टोमॅटो लालबुंद झाले आणि गळायला लागले. आप्पा रोज गच्चीवर चढून ते खाऊ लागले. वर पालकाचा रस. ताईला कळू न देता. ज्या माणसानं माझ्या हातची भाजी कधी मागून घेतली नाही, त्यानं पहिल्यांदा माझं ऐकलं. एका पहाटे त्यांचे पाय उचलेनात आणि छातीचा ठोका चुकायला लागला. मी अर्ध्या वाटेतून परत आलो तेव्हा ते दवाखान्यात होते.

मी विचारलं, "आप्पा, पथ्याच्या कागदावर टोमॅटोवर फुली आहे ना?"

"ती बाजारच्या टोमॅटोवर. घरचं, बिनखताचं, त्याला काय व्हतंय?"

"व्हतंय. तुम्ही बघितलं काय झालं ते."

त्यांनी हाताला लावलेली नळी सरळ केली. म्हणाले, "तू नव्हतास. वाया चालले व्हते. तूच म्हणतोस ना, टाकायचं नाय." आणि मग, "परिक्रमा बी अर्धीच सोडून आलास व्हय?"

तेव्हापासून गच्चीवरचे टोमॅटो मी लाल व्हायच्या आधीच तोडतो. पण झाडं उपटलेली नाहीत. त्यांचा काय दोष.

कलम ४. कचऱ्यापासून खत करायचा निळा ड्रम, चाळणी आणि खुरपं खालच्या मजल्यावरची उजमा हिला. तिलाच का, तर केळीची साल हातात घेऊन दोन जिने चढून येणारं या इमारतीत दुसरं कोणी नाही. उजमा, ओल्या कचऱ्याचा एक थर, त्यावर भुशाचा एक थर. वास आला तर घाबरू नकोस, भुसा कमी पडलाय एवढाच त्याचा अर्थ. भुसा तुझ्या अब्बांच्या फर्निचरच्या दुकानातून येतो, तो बंद पडू देऊ नकोस.

शेजारचे सोमनाथराव यांनी या ड्रमविरुद्ध महापालिकेत अर्ज दिला होता, आणि त्यांच्याच घरची प्लास्टिकची पिशवी मी त्या ड्रममधून दोनदा काढली आहे. त्यांना मी माफ केलेलं नाही. तरी पण तयार खताची पहिली पाटी त्यांना द्यावी. त्यांचा गुलाब फार वाईट अवस्थेत आहे आणि त्यानं कुठं अर्ज केला होता.

कलम ५. जर्मनचं पातेलं. हे मूळ आप्पांचं, पण मी त्याची नासधूस केल्यामुळे ते माझ्या नावावर चढलं असं मी धरतो.

आई माळकरी होती. घरात मटण शिजत नसे. आप्पांना खायचं असेल त्या रविवारी ते गच्चीवर तीन विटा मांडायचे, वेगळं पातेलं, वेगळं उलथनं, आणि खाऊन झालं की पातेलं गच्चीवरच्या खिळ्याला. आई गेल्यावरही त्यांनी ते कधी स्वयंपाकघरात आणलं नाही. कोणी अडवणारं नव्हतं, तरी नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं. कारण त्याच्या आधीच, ते आजारी पडल्यावर, आता हे कशाला लागतंय म्हणून मी पातेल्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडून त्यात पुदिना लावला होता. त्यांनी बघितलं. म्हणाले, "बरं केलंस." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ताई, पुदिना दुसऱ्या डब्यात लाव. पातेलं डाग देणाऱ्याकडून बुजवून आण आणि पुन्हा खिळ्याला टांग. पुढं कधी डॉक्टर हो म्हणाले तर एखाद्या रविवारी विटा मांडून दे. मी स्वतः खाणार नाही आणि घरात शिजू देणार नाही, हे कायम आहे. पण गच्ची ही गच्ची आहे. आप्पा परवा म्हणाले, "तुझी किडनी मटण बघून संपावर गेली म्हंजे?" मी म्हणालो, समजूत काढा तिची. हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

कलम ६. सायकल ताईच्या थोरल्या मुलीला. ब्रेक मागचाच लागतो. या सायकलवर मी वेरूळला गेलो आणि चार महिने तिथंच राहिलो. जाताना सायकल पंक्चर झाली म्हणून एका टेम्पोत मागं बसलो, तर आत बकऱ्या. त्यातली एक माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली. टेम्पो बाजाराकडे चालला होता आणि मी वेरूळच्या फाट्यावर उतरलो. तिचं डोकं हातानं उचलून बाजूला ठेवावं लागलं. लोक विचारतात तू शाकाहारी कसा झालास, कुठल्या बाबाच्या नादी लागलास. बाबा नव्हता. हे सायकलीच्या कलमात यायला नको होतं, पण आता आलं.

कलम ७. मी मेलो तर डोळे द्यावेत. हार घालायचे तर झेंडूचे, प्लास्टिकची चकाकी नको. दहाव्याचं जेवण पळसाच्या पत्रावळीवर, आतून गुळगुळीत असलेल्या कागदी प्लेटा आणू नयेत, त्या कुजत नाहीत. उरलेलं अन्न उजमाच्या ड्रममध्ये, पण तेलकट सोडून.

कलम ८. हे खरं कलम. बाकीची मी इथं यायला लागू नये म्हणून लिहीत बसलो होतो.

मी पळतो. कॉलेजातून पळालो, पुण्याच्या नोकरीतून पळालो, परिक्रमा अर्धी, वेरूळ अर्धं. ठरवून जात नाही. बसस्टँडवरून चाललो की पायच गाडीत चढतात. परवा रविवारी महाशिवरात्र आहे, वेरूळला जत्रा, आणि आजपासून स्टँडवर जादा गाड्या लागल्या आहेत. सकाळी भुसा आणायला गेलो तर मी स्टँडच्या दिशेला लागलो होतो. हातात रिकामं पोतं. मला भीती वाटते. ऑपरेशनची वाटते, आणि त्याच्याहून जास्त, मी सोमवारी सकाळी तिथं नसेन याची.

आप्पांनाही तेच वाटतं. ताईनं त्यांना विचारलं, पिशवी भरू का तुमची. म्हणाले, "राहू दे. त्याचा काटा अजून हलतोय. मी आकडा कसा सांगू?" मी दाराआड होतो.

म्हणून असं ठरवतो की हे मृत्युपत्र मी मेल्यावर तर लागू व्हावंच, पण सोमवारी सकाळी मी घरात नसलो तर त्या घडीपासूनही लागू व्हावं. मग मी कधी परत आलो तरी माझी म्हणून कोणतीही वस्तू या घरात नाही, आणि मी विचारलं तर मला सांगावं की तो मुलगा वारला.

हे मी अन्सारचाचांना, म्हणजे उजमाच्या वडिलांना, वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बेटा, मरने के बाद का कागद होता है ये. भागने के बाद का कोई कागद मैंने सुना नहीं." कायद्यात बसत नाही हे मलाही माहीत आहे. घरात बसावं.

आणि खबरदारी म्हणून माझे चालायचे बूट नि पाठीवरची सॅक आज मी आप्पांच्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली ताईला दिली. सोमवारी सकाळी मी अनवाणी दवाखान्यात जाईन.

कलम ९. वडील आप्पासाहेब यांना या कागदानं मी काहीही देत नाही. एक झाड नाही, एक वाटी नाही. कोणी याचा वाईट अर्थ काढू नये. कोर्टासमोर बसणाऱ्या टायपिस्टनं सांगितलं की ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार म्हणून सही करू नये. मला त्यांची सही हवी आहे. मी देतोय ती किडनी आपण घेणार आहोत, असं त्यांनी अजून एकदाही तोंडानं म्हटलेलं नाही.

अंमलबजावणी ताईनं करावी. ती रडत करेल, पण करेल.

स्थळ: उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १३ फेब्रुवारी २०२६, शुक्रवार
सही: विश्वजीत आ. ठोंबरे

साक्षीदार पहिले: अन्सार शेख, राहणार तळमजला. लिहिणाऱ्यानं माझ्यासमोर सही केली. मला यातून काही मिळत नाही आणि नकोही. मुलगा चांगला आहे. भुसा चालू राहील.
सही: अन्सार शेख

साक्षीदार दुसरे: आप्पासाहेब मोतीराम ठोंबरे, निवृत्त मापाडी. कागद सगळा वाचला. लिहिणारा शुद्धीवर आहे, याला मी साक्ष. एक दुरुस्ती. टोमॅटो मी कुणाला कळू न देता खाल्ले असं लिहिलंय, ते बरोबर नाही. माझ्या घरातलं होतं, उन्हात बसून खाल्लं. मीठसुद्धा लावलं नव्हतं. पातेल्याचं लिहिलंय ते राहू द्यावं.
अपेक्षाकडून किल्ली मागून घेतली. बूट कपाटातून काढले, पुसले आणि बाहेरच्या दाराशी ठेवले आहेत. कुलपात ठेवलेल्या माणसाचं मी काही घेणार नाही. ज्याला यायचं असेल त्यानं आपले बूट घालून यावं.
मी माझी पिशवी भरली आहे.
सही: आ. मो. ठोंबरे