म्हसोबाच्या वळणावरची टेस्ट

२ फेब्रुवारी १९३४, शिळफाटा
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवणार नाही, लोक जळतात.
चौकहून उतारू घेऊन येताना लोधिवलीपाशी बैलगाडी आडवी आली. म्हणजे उभीच होती. गाडीवान म्हणाला, तात्या, मी कडंला भाकर खात व्हतो, तुमीच आलाव. रस्ता कोणासाठी असतो हेच या लोकांना कळत नाही. माझे मडगार्ड गेले.

५ फेब्रुवारी
महिनाअखेर कळंबला हिच्या भाचीचे लग्न. दारात आपली मोटार असताना ही फाट्यावरच्या दुसऱ्या ड्रायव्हरच्या, त्या भिवाजीच्या मोटारीने जायचे म्हणते. माझ्या मोटारीत ही आजवर एकदाही बसलेली नाही. पेट्रोलच्या वासाने मळमळते म्हणे. भिवाजीची मोटार कशावर चालते ते विचारायचे राहिले.

७ फेब्रुवारी
हा भिवाजी कालपरवापर्यंत बैल हाकत होता. म्हसोबाच्या वळणावर रोज गाडी थांबवतो, खाली उतरतो, हात जोडतो, मग पुढे. केवढा खोळंबा. मी चालत्या गाडीतच दोन्ही हात जोडून डोळे मिटतो. श्रद्धा आणि स्पीड दोन्ही सांभाळता आले पाहिजे. माझ्या गाडीतले उतारूही तिथे फार मनापासून हात जोडतात. काही तर शिळफाट्यापासूनच.

९ फेब्रुवारी
सरकारला अर्ज लिहिला. ड्रायव्हरांची टेस्ट कडक हवी, आणि लायसन जन्माचे नको. दर दोन वर्षांनी पुन्हा तपासावे. डोळे अधू होतात, हात जड होतात, काहींना तर गर्वही होतो. माझी टेस्ट म्हणजे पिंपळापासून हौदापर्यंत सरळ. साहेबांना चहाची घाई होती. मी जात्याच हुशार, म्हणून ठीक. पण अशाने भिवाजीसारखेही सुटतात.
हिला वाचून दाखवला. म्हणाली, द्याच. सरकारनं बगितलं नि बरं म्हटलं, तर मी बी बसंन तुमच्या मोटारीत. माझ्या सार्वजनिक कामात हिने पहिल्यांदाच रस घेतला. फार बरे वाटले.

१६ फेब्रुवारी
उत्तर आले. सूचना साहेबांना पसंत. काही ड्रायव्हर पुन्हा तपासून पाहणार, खालापूरला. सुरुवात अर्जदारापासून. हा मान आहे.
भिवाजीला मुद्दाम सांगितले. घाबरेल वाटले होते. म्हणाला, माजी बी घ्या म्हनावं, काय येत नाय ते तरी कळंल. माणसात आत्मविश्वास म्हणून नाही.

१८ फेब्रुवारी
रिव्हर्सचा सराव करायचा. उद्या.

१९ फेब्रुवारी
रिव्हर्स लागतो कशाला? मी मागे जाणारा माणूस नाही.

२१ फेब्रुवारी
म्हसोबाच्या झाडाखाली मंगळी लाकडाच्या मोळ्या विकायला बसते. तिने टेस्टचा दिवस विचारला. सांगितला. म्हणाली, त्या दिशी मोळ्या पल्याड ठेवीन. वाडीपर्यंत उत्साह पोचला आहे.

२३ फेब्रुवारी, सकाळी
नवा कोट. हिने स्वतः बटणे लावून दिली. लग्नाला कोणते लुगडे नेसायचे तेही काढून ठेवले आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हॉर्न उत्तम. गिअर उत्तम. साहेब एकदा ‘गुड’ म्हणाले. मग म्हसोबाचे वळण आले.
सवय ती सवय. हात आपोआप जोडले गेले.
डोळे उघडले तेव्हा आम्ही वालाच्या शेतात होतो. साहेबांनी विचारले, हात कुठे होते? मी म्हणालो, देवापुढे असावेत तिथे. कोणाला खरचटलेसुद्धा नाही, म्हणजे म्हसोबाला नमस्कार पोचला. हा मुद्दा साहेबांनी विचारातच घेतला नाही. त्यांच्या हॅटवर वालाचा वेल होता.
मागून भिवाजी आला. थांबला, उतरला, आधी म्हसोबाला हात जोडले, मग दोर लावून आम्हाला ओढून काढले. साहेब बघत होते. त्याला तिथल्या तिथे पास केला. माझे लायसन खिशात घातले आणि म्हणाले, तुमचा अर्ज अगदी बरोबर होता.
नैतिक विजय म्हणता येईल. पण वाईट वाटले. ही बसली असती.

२४ फेब्रुवारी
हिला सांगितले. रागावली नाही. लुगडे परत पेटीतही ठेवले नाही. म्हणाली, भिवाजीभावजींना आपली मोटार चालवाया बोलवा की.
विचार करतो.

२७ फेब्रुवारी, कळंब
आलो. मोटार माझी, चालवायला भिवाजी, मागे मी आणि ही. वाटेत हिला झोपसुद्धा लागली. पेट्रोलच्या वासाचे नाव नाही.
म्हसोबापाशी गाडी थांबली. उतरून हात जोडले. इतकी वर्षे नमस्कार केला, पण म्हसोबा आज पहिल्यांदा पाहिला. त्याला चांदीचे डोळे आहेत. चांगले मोठे, उघडे.
हिने विचारले, काय मागितलंत? म्हणालो, लायसन.
ऐकून ती पुन्हा देवाकडे वळली आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली. काय मागितले ते काही सांगेना.