सोनीला ऐकू यायचं ते

चि. सौ. पमास, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

फोनवर तू नुसती रडतेस, म्हणून लिहिते. सोनीचा दहावा झाला. माझा वाल्मिक गलोंड्याला कंपनीत परत जायला लागला. सून अर्धी भाकर खाते. तू धावत येऊ नकोस, गुडघे सांभाळ.

एक गोष्ट मात्र पोटात राहत नाही. इथे आमलीत दिवेलागणीला खांबाच्या दिव्याभोवती वटवाघळं किडे टिपायला येतात. सोनी म्हणायची, "आजी, ती टिक टिक करतात. किडा जवळ आला की घाईघाईनं करतात." मला काही ऐकू येईना. मी म्हटलं, "आठ वर्षांची घोडी झालीस, थापा मारायला लाजत नाहीस?" एक चापटही दिली. त्यावर तिनं पुन्हा त्या टिक टिकचं नाव काढलं नाही. पुढच्या आठवड्यात ताप आला नि चार दिवसांत गेली.

काल तिच्या शाळेतल्या सुमनबाई भेटायला आल्या. त्यांना विचारलं. म्हणाल्या, वटवाघूळ ओरडतं, तो आवाज किड्यावर आपटून परत येतो, त्यावरून अंधारात त्याला किडा सापडतो. जवळ गेलं की भराभर ओरडतं. बहुतेकांचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, पण काही जातींचा लहान पोरांना येतो. म्हाताऱ्यांना नाही.

पोर खरं बोलत होती, पमा. घरात अजून कोणाला सांगितलं नाही.

तुझी नात कशी आहे? ती काही वेडंवाकडं सांगायला आली तर हातातलं काम ठेव आणि पुरतं ऐक. माझ्यासारखं तोंड चालवू नकोस.

तुझी केसर